पोरांची ऑनलाइन पदवी आणि उसाचे बिल



गटात फिरताना हल्ली नोंदीच्या तारखेऐवजी भलताच प्रश्न येतो. "साहेब, पोरगी घरबसल्या वेबसाइट बनवायची डिग्री करते म्हणते. बिलातून फी भरू का?"

माझे मत, लगेच भरू नका. को ८६०३२ चे बेणेसुद्धा आपण मळा बघितल्याशिवाय घेत नाही! आधी तिला एचटीएमएल, सीएसएस फुकट शिकू द्या. मोझिलाचे धडे इंग्रजीत आहेत, पण जमतात. दोन-चार पाने तिने स्वतः बनवावीत. गोडी टिकली तर बीसीए. त्यात वेब डिझाइन थोडेच असते, हेही सांगा. नुसते काम शिकायला पदवी लागतेच असे नाही. पुढे एमसीए करायचे तर लागते.

पदवी यूजीसीच्या यादीत त्याच सत्रासाठी आहे का, हे मात्र पाहाच. २०२० च्या नियमांप्रमाणे विद्यापीठाला फ्रँचायझी देता येत नाही. तेव्हा तालुक्यातल्या एजंटाच्या हाती रोख देऊ नये.

यादी बघायची तर गट ऑफिसात या, मोबाइलवर दाखवतो.

– ऊस विकास अधिकारी