नक्षीच्या चादरीची धुलाई

ईद जवळ आली की ठेवणीतल्या चादरी कपाटाबाहेर निघतात. पांढऱ्या कापडावर रंगीत फुलांची चादर असेल, तर पांढरा भाग उजळ राहावा आणि फुलांचा रंगही टिकावा, अशी दुहेरी काळजी घ्यावी लागते.

नवी चादर धुण्याआधी एक कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबा. रंग उमटला तर पहिल्या दोन-तीन वेळा ती वेगळीच धुवा. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने असा सुटणारा रंग पक्का होत नाही. रात्रभर भिजत ठेवल्यास सुटलेला रंग पांढऱ्या भागात बसतो. म्हणून थंड पाण्यात 10-15 मिनिटेच भिजवा. पावडर आधी पाण्यात विरघळवा, मगच चादर घाला.

क्लोरीनचे ब्लीच टाळा. त्याने फुलेही उडतात. पांढरा भाग मळकट दिसतो, तो बऱ्याचदा साबण अंगात राहिल्यामुळे. त्यामुळे स्वच्छ पाणी निघेपर्यंत खळबळून काढा. नीळ द्यायचीच तर पाण्यात नीट ढवळून द्या. कापडावर थेट पडली की डाग पडतात.

रंग पांढऱ्याला लागलाच, तर चादर वाळू देऊ नका, लगेच पुन्हा धुवा. शेवटी ओली चादर बादलीत न ठेवता, उलटी करून सावलीत वाळत घाला.