हात आखडतो तो का?

वैयक्तिक नफ्याचे आमिष नसेल तर माणूस कष्ट करणार नाही, हे भांडवली पंडितांचे जुने तुणतुणे आहे. त्यांच्याच घरचा पुरावा पाहावा. अमेरिकेतील बेथलेहेम पोलाद कारखान्यात मजूर दिवसाला साडेबारा टन लोखंड वॅगनीत चढवीत असे. आपल्या पद्धतीने तो साडेसत्तेचाळीस टन चढवू लागला, असे फ्रेडरिक टेलरने १९११ च्या ग्रंथात अभिमानाने नमूद केले आहे. मजुरी मात्र १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर. काम जवळजवळ चौपट, दाम दुप्पटही नाही! कामगार मुद्दाम हात आखडता घेतात, ही टेलरची तक्रार. पण उत्पादन वाढताच मालक नगामागचा दर कापतो, हे कारणही त्यानेच नोंदविले. तेव्हा तो आळस नव्हे, अनुभवाने शिकविलेला हिशेब होता.

मग मालकच नसेल तर? ३१ ऑगस्ट १९३५ रोजी सोव्हिएत संघातील दोनबासच्या खाणीत अलेक्सेई स्ताखानोव्हने एका पाळीत १०२ टन कोळसा काढला. ठरलेले प्रमाण सात टनांचे होते. अभ्यासवर्गात हा विक्रम सांगताना, छताला टेकू लावण्याचे काम दोन साथीदारांनी केले होते, हेही सांगावे. त्यामागील उत्साह खोटा नव्हता. परंतु १९३६ मध्ये अनेक उद्योगांत कामाची प्रमाणे वाढविण्यात आली आणि विक्रमवीराकडे शेजारचा कामगार साशंकतेने पाहू लागला. बेथलेहेमच्या मजुराचाच तो हिशेब. खाण कामगारवर्गाच्या नावावर झाली होती. नवे प्रमाण मात्र वरूनच ठरून आले होते.