लास्कींच्या पाठीशी उभे राहिलेले लोवेल

९ सप्टेंबर १९१९ रोजी बोस्टन शहरातले अकराशेहून अधिक पोलीस संपावर गेले. पगार तुटपुंजा, ड्युटी संपता संपत नाही आणि युनियन करायला मात्र बंदी, ही त्यांची तक्रार होती. शहरात लुटालूट झाली, गव्हर्नर कॅल्विन कूलिज यांनी लष्करी तुकड्या रस्त्यावर आणल्या आणि संपकऱ्यांना कायमचं घरी बसवण्यात आलं. हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष लॉरेन्स लोवेल सरकारच्या बाजूने होते. पोलिसांच्या जागी बंदोबस्ताला उभं राहा, असं आवाहन त्यांनी विद्यार्थ्यांना केलं. त्याच विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणारा २६ वर्षांचा एक इंग्रज अध्यापक मात्र संपकऱ्यांच्या कुटुंबीयांच्या सभेत गेला आणि पोलिसांची बाजू न्याय्य आहे, असं जाहीरपणे बोलला. त्याचं नाव हॅरॉल्ड लास्की.

मग व्हायचं तेच झालं. वर्तमानपत्रांनी झोड उठवली. जानेवारी १९२० मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांच्या विनोदी मासिकाने अख्खा अंक लास्कींच्या टवाळीला वाहिला आणि त्यात त्यांच्या ज्यू असण्यावरही हीन शेरे मारले. विद्यापीठाच्या नियामक मंडळाने त्यांना चौकशीसाठी बोलावलं. अशा वेळी लोवेल यांनी काय करावं? लास्कींचं म्हणणं त्यांना मुळीच पटलेलं नव्हतं. तरीही मंडळाला त्यांनी बजावलं, की लास्कींचा राजीनामा मागणार असाल तर सोबत माझाही घ्या.

राज्यशास्त्राच्या अध्यापनाचा विचार करताना हा प्रसंग मध्यभागी ठेवला पाहिजे. शिक्षकाचं धैर्य आपण नेहमी वाखाणतो. पण ते धैर्य टिकतं कशाच्या बळावर, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. मत न पटूनही पाठीशी उभी राहणारी संस्था असेल, तरच शासन आणि सत्ता या विषयांवर मोकळेपणाने शिकवता येतं. ती नसेल, तर वर्गात व्याख्या सांगितल्या जातात, नोट्स उतरवून घेतल्या जातात आणि परीक्षा पार पडते.

लास्की त्याच वर्षी लंडनला परतले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुजू झाले. २४ मार्च १९५० रोजी मृत्यू येईपर्यंत ते तिथेच शिकवत राहिले. १९२५ मध्ये त्यांचा ‘अ ग्रामर ऑफ पॉलिटिक्स’ हा ग्रंथ आला आणि पुढच्याच वर्षी ते प्राध्यापक झाले. राज्यसंस्था ही समाजातल्या अनेक संस्थांपैकी एक आहे, नागरिकाची निष्ठा तिला आपोआप मिळत नाही, ती तिने कामगिरीतून कमवावी लागते, हा त्यांच्या सुरुवातीच्या विचारांचा गाभा. हातात कागद न घेता ते तासभर बोलत. विद्यार्थ्यांना पुस्तकं देत, अडचणीत पैसेही देत. त्यांच्या घरी चहाच्या वेळी वसाहतींतून आलेली मुलं जमत आणि वाद घालत. दुसऱ्या महायुद्धात संस्था केंब्रिजला हलवण्यात आली, तेव्हाही त्यांनी तिथे जाऊन वर्ग घेतले.

वर्गाबाहेरही ते मत लपवत नसत. जालियनवाला बागेच्या हत्याकांडाच्या वेळी पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर असलेले मायकेल ओड्वायर यांनी सर शंकरन नायर यांच्यावर लंडनच्या न्यायालयात अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. नायर हे १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे अध्यक्ष. पंजाबातल्या अत्याचारांना त्यांनी आपल्या पुस्तकात ओड्वायर यांना जबाबदार धरलं होतं. १९२४ मध्ये खटला पाच आठवडे चालला. न्यायाधीशांचा कल उघडच ओड्वायर यांच्याकडे होता. बारा ज्यूरींपैकी अकरा जण नायर यांच्या विरोधात गेले आणि त्यांना ५०० पौंड भरपाई व खर्च भरण्याचा आदेश झाला. विरोधात गेला नाही तो एकच ज्यूरी, आणि ते होते लास्की. हक्कांवर व्याख्यानं देणाऱ्या माणसाने अकरा जणांसमोर एकट्याने आपलं मत टिकवलं.

स्वतःची ठाम राजकीय मतं असलेला शिक्षक विद्यार्थ्यांचं मन कलुषित करतो, असा आक्षेप आजही घेतला जातो. लास्कींचे विद्यार्थी या आक्षेपाला पुरेसं उत्तर देतात. व्ही. के. कृष्ण मेनन त्यांच्याकडे शिकले आणि संरक्षणमंत्री झाले. ज्योती बसू कायद्याचा अभ्यास करता करता त्यांच्या व्याख्यानांना जाऊन बसत. ते कम्युनिस्ट झाले आणि त्यांनी २३ वर्षं पश्चिम बंगालचं मुख्यमंत्रिपद भूषवलं. कॅनडाचे पिअर ट्रूडो उदारमतवादी पक्षाचे पंतप्रधान झाले. वॉल स्ट्रीटवर बख्खळ पैसा केलेल्या जोसेफ केनेडींनी आपला थोरला मुलगा १९३३ मध्ये या समाजवादी प्राध्यापकाकडे पाठवला. मुलाने दुसरी बाजूही ऐकावी, असं त्यांना वाटलं. एका साच्यातून इतकी वेगवेगळी माणसं निघत नाहीत.

के. आर. नारायणन यांची हकिगत तर सांगितलीच पाहिजे. केरळमधल्या गरीब दलित कुटुंबातला हा मुलगा टाटांच्या मदतीने लंडनला पोहोचला. शिक्षण संपल्यावर लास्कींनी आपणहून त्यांना नेहरूंच्या नावे पत्र दिलं. नेहरूंची भेट संपत आली तेव्हा कुठे नारायणन यांनी ते पुढे केलं. ते बाहेर पडले, तर नेहरूंनी त्यांना परत बोलावलं: हे आधी का नाही दिलंत? पुढे नारायणन परराष्ट्र सेवेत गेले आणि १९९७ मध्ये देशाचे पहिले दलित राष्ट्रपती झाले.

महाराष्ट्राशीही या अध्यापनाचा धागा जुळतो. २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात वकिलांच्या ग्रंथालयात लोकशाही यशस्वी होण्याच्या अटींवर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लास्कींचा दाखला दिला होता. समाजात नीतीची व्यवस्था आहे, असं लोकशाही गृहीत धरते. ती नसेल तर लोकशाहीच्या चिंधड्या होतात, हा तो मुद्दा.

लास्की चुकले नाहीत असं नाही. १९३० च्या दशकात ते मार्क्सवादाकडे झुकले आणि सोव्हिएत राजवटीकडे पाहताना त्यांची चिकित्सा सैल पडली. १९४५ मध्ये मजूर पक्षाचे अध्यक्ष असताना ते इतकं बोलले, की पंतप्रधान ॲटली यांनी पत्र लिहून त्यांना काही काळ गप्प राहण्याचा सल्ला दिला. हिंसक क्रांतीची भाषा केल्याचं छापणाऱ्या वर्तमानपत्रावर त्यांनी दावा लावला आणि १९४६ मध्ये ते तो हरले. पण त्यांच्या या चुका उघड्यावर झाल्या. विद्यार्थ्यांना त्या दिसल्या आणि त्यांवर त्यांना वाद घालता आला. मौन पाळणाऱ्या शिक्षकाची चूक कोणी दाखवून देऊ शकत नाही.

आता आपल्या महाविद्यालयांकडे पाहावं. राज्यशास्त्राच्या कितीतरी जागा रिकाम्या आहेत आणि तास घेतात ते तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. पैसे तासाच्या हिशेबाने, तेही उशिरा. नेमणूक एका वर्षाची आणि पुढच्या वर्षीची शाश्वती नाही. संस्थाचालक बहुधा कुठल्या ना कुठल्या पक्षाशी जोडलेले. अशा प्राध्यापकाने दुसऱ्या वर्षाच्या मुलांसमोर पक्षांतरावर, जातीच्या गणितांवर, सत्तेच्या गैरवापरावर मोकळेपणाने बोलावं, ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची? नोकरीत कायम असलेल्यांची बढतीही शोधनिबंध आणि प्रमाणपत्रं मोजून ठरते. सुटीच्या दिवशी मुलांना घरी बोलावून वाद घालणाऱ्याला त्या हिशेबात रकाना नाही.

म्हणून मागणी साधी आणि नेमकी आहे. रिकाम्या जागा पूर्णवेळ भराव्यात. तासिका तत्त्व ही तात्पुरती सोय होती, ती कायमची व्यवस्था होऊ देऊ नये. विद्यार्थ्यांना दिलेला वेळ बढतीत मोजला जावा. आणि एखाद्या प्राध्यापकाच्या विधानावरून गदारोळ झाला, मोर्चा फाटकावर आला, तर पहिलं निवेदन त्याच्या निलंबनाचं निघू नये. कुलगुरूंनी आणि प्राचार्यांनी आधी सांगावं, की हे मत आम्हाला पटत नाही, पण हे शिक्षक उद्याही वर्गावर जाणार आहेत.