तीन डोस झाले, आता पुन्हा कशाला?

साठी-सत्तरीतली मंडळी हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यांना गप्प करू नका. प्रश्न रास्त आहे.

२०२१ मध्ये आपण घेतलेली कोव्हिशील्ड वुहानमधल्या मूळ कोरोना विषाणूवर बेतलेली होती. विषाणू स्वतःच्या प्रती काढताना चुकतो. बहुतेक चुका वाया जातात, एखादी मात्र त्याच्या पथ्यावर पडते. विषाणूचा डेल्टा हा अवतार असाच, २०२० च्या अखेरीस, पहिल्यांदा भारतात सापडला. दुसऱ्या लाटेत त्यानं काय केलं, हे ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी वणवण केलेल्या घरांना वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉन हा पुढचा अवतार आला. विषाणू ज्या काट्यांनी पेशीला चिकटतो, त्या काट्यांच्या प्रथिनात तीसहून जास्त बदल! जुने काटे ओळखणारी आपली प्रतिपिंडं गोंधळली आणि लस घेतलेल्यांनाही लागण होऊ लागली. तरी त्यांच्यातले बहुतेक जण घरच्या घरी बरे झाले, कारण शरीराचं रक्षण करणाऱ्या टी-पेशींना बदललेला विषाणूही बऱ्यापैकी ओळखता येत होता. म्हणून ‘लस फुकट गेली’ असं कुणी म्हणालं तर मला मनापासून वाईट वाटतं.

फ्लूची लस दर वर्षी नव्यानं ठरते, तसंच आता इथं चाललं आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये एक्सबीबी.१.५ या अवतारावर, तर २०२४ मध्ये जेएन.१ च्या वंशावर बेतलेल्या लसी आल्या. आपल्या पुण्यातल्या जेनोव्हा कंपनीची ओमायक्रॉनवरची जेमकोव्हॅक-ओएम जून २०२३ मध्येच आली होती. ती सुईशिवाय त्वचेत देतात आणि साध्या फ्रिजच्या २ ते ८ अंशांत टिकते. ही एमआरएनए लस आहे, आणि अशा लसीत फक्त आतला संदेश बदलावा लागतो, बाकीची कृती तीच राहते. त्यामुळे काम लवकर होतं.

धडधाकट तरुणांनी धावपळ करायची गरज नाही. पण घरात वयस्कर कुणी असेल, केमोथेरपी चालू असेल, मूत्रपिंड बदललं असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: शेवटच्या डोसला इतके महिने झाले, आता कोणती लस मिळते आणि घ्यावी का? मुलांकडे परदेशी जाणाऱ्या आईवडिलांनी तिथल्या डॉक्टरांनाही हेच विचारावं. नव्या अवताराचं नाव व्हॉट्सॲपवर आलं की घाबरून जाऊ नका. ताप-खोकला असेल तर मास्क लावा आणि आजीपासून दूर झोपा.

या आठवड्यात घरातल्या ज्येष्ठांची लसीची प्रमाणपत्रं शोधून ठेवा आणि पुढच्या तपासणीला सोबत न्या.