उपग्रहाचे इंटरनेट वस्तीत कधी उतरणार?

गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव या जिल्ह्यांसाठी महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सही केली. इंटरनेटचे जुने उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर, हे सुमारे ५५० किलोमीटरवर. म्हणून वेग जास्त. आम्ही स्वागतच करतो. पण वेगाआधी हक्काचा प्रश्न येतो. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने १९२४ मध्येच सर्वांना खुले केले होते. तरी १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. ग्रामपंचायतीत कुलपाआड बसवलेली डिशही कागदावर साऱ्या गावाचीच असेल! मग शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आमच्या मुलांनी कोणाच्या ओसरीवर ताटकळायचे? आमची मागणी स्पष्ट आहे: पहिली जोडणी वस्तीतल्या समाजमंदिरात आणि आदिवासी पाड्यावरच्या शाळेत द्यावी, मासिक खर्च शासनाने उचलावा. जय भीम!