हातखर्च

बंगळुरूच्या पूर्व भागात, जुना विमानतळ रस्ता आणि आउटर रिंग रोड जेथे एकमेकांना छेदतात, तेथे मारतहळ्ळी वसली आहे. कन्नडमध्ये ‘हळ्ळी’ म्हणजे खेडे. परंतु संगणक-कंपन्यांची कार्यालये आजूबाजूला उभी राहू लागली, तसे हे खेडे नावापुरतेच उरले. अभियंत्यांपाठोपाठ वाहनचालक आले, पहारेकरी आले, दुकानांतील विक्रेते आणि खानावळींतील स्वयंपाकी आले. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. कंपन्यांच्या तयार कपड्यांच्या दुकानांसाठी मारतहळ्ळी प्रसिद्ध आहे. ‘पन्नास टक्के सूट’ अशा पाट्यांखालून रोज ये-जा करायची आणि तरीही महिन्याचा हिशेब जुळवायचा, ही येथील अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाची नित्याची कसरत असते.

अशा एका घराचा अंदाज मांडून पाहावा. नवरा एका कार्यालयात वाहनचालक आहे, पत्नी घर सांभाळते आणि एक मूल शाळेत जाते, असे समजू. मिळकत ३४,००० रुपये. घरभाडे ११,०००, किराणा, दूध आणि गॅस ९,०००, शाळा ३,५००, वीज व फोन १,२००, गावी आईवडिलांना ४,०००, जाण्यायेण्याचा खर्च १,८००, औषधपाणी ५००, बचत २,०००. बेरीज ३३,००० होते. उरलेल्या हजार रुपयांचे काय करावे, असे विचारले तर बहुतेक काटकसरी माणसे ‘बचतीत टाकावेत’ असे सांगतील. अंथरूण पाहून पाय पसरावेत, थेंबे थेंबे तळे साचे, या म्हणींवर वाढलेल्या समाजाला दुसरे उत्तर सुचणे कठीणच. परंतु हे उत्तर चुकीचे आहे. ते हजार रुपये पाचशे-पाचशे असे दोघांत वाटले जावेत, आणि त्यांचा हिशेब कोणी कोणाला विचारू नये.

मराठीत यासाठी ‘हातखर्च’ हा नेमका शब्द आहे. तो बहुधा वसतिगृहात राहणाऱ्या मुलाच्या संदर्भात वापरला जातो. संसारातील प्रौढ स्त्रीलाही हातखर्च असावा, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. ‘घरातला सगळा पैसा तिच्याच हातात असतो’ असे मोठ्या औदार्याने सांगितले जाते. पैसा तिच्या हातात असतो हे खरे. पण तो किराण्याचा, दुधाचा आणि शाळेच्या फीचा असतो. त्यातील वीस रुपये स्वतःसाठी खर्चताना तिला अपराधी वाटते. नवऱ्याचा चहा, पान-तंबाखू, मित्रांबरोबरचा नाश्ता मात्र अंदाजपत्रकात न लिहिताही चालूच असतो. म्हणजे हातखर्च प्रत्येक घरात असतोच. एकाचा मोकळेपणाने होतो, दुसरीचा लपूनछपून, एवढाच फरक.

हे लपवणे किती सार्वत्रिक आहे, ते ८ नोव्हेंबर २०१६ रोजी देशाला दिसले. पाचशे व हजाराच्या नोटा चलनातून काढल्याचे जाहीर होताच तांदळाच्या डब्यांतून, साड्यांच्या घड्यांतून, देवघरातून नोटा बाहेर आल्या. वर्षानुवर्षे मुठीमुठीने वाचवलेला हा पैसा नवऱ्याला दाखवावा लागला, हे पुष्कळ स्त्रियांना नोटा बदलण्याच्या रांगेपेक्षाही जड गेले. ग्वाल्हेरच्या एका गृहिणीने त्या काळात बँकेत भरलेल्या सुमारे दोन लाख अकरा हजार रुपयांचा प्रश्न तर प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणापर्यंत गेला. न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठाने २०२१ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला आणि गृहिणींनी त्या वेळी भरलेली अडीच लाखांपर्यंतची रक्कम त्यांची बचतच मानली. सरकारी यंत्रणेला जे मान्य करावे लागले, ते घरातही मान्य व्हायला हवे.

यावर आक्षेप येतो तो असा की, नवरा-बायकोत तुझे-माझे कशाला? जिथे विश्वास आहे तिथे हिशेबाला कोण भितो? हा आक्षेप मनापासून घेतला जातो, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. १९२९ साली महात्मा गांधींनी ‘नवजीवन’मध्ये एक लेख लिहून कस्तुरबांची चूक जगजाहीर केली होती. भेटीस आलेल्या कोणी दिलेले चार रुपये बांनी आश्रमाच्या कचेरीत जमा न करता स्वतःजवळ ठेवले, ही ती चूक. आश्रमवासीयांनी अपरिग्रहाचे व्रत घेतले होते आणि सार्वजनिक पैशाचा पैन्‌पै हिशेब देणे हा गांधीजींचा धर्म होता, हे मान्य. तरीही जन्मभर साथ दिलेल्या, साठीला टेकलेल्या बाईजवळ स्वतःचे म्हणावेत असे चार रुपये असू नयेत, ही गोष्ट वाचणाऱ्याच्या मनाला लागतेच. आणि मुख्य म्हणजे घर हा आश्रम नव्हे. तेथे कोणी व्रत घेऊन आलेले नसते. बिनव्रताच्या माणसाला व्रतस्थाचे नियम लावले, म्हणजे काटकसरीची पाळत होते.

पैसे मागावे लागणे म्हणजे केवळ हात पसरणे नव्हे. त्यात कारण सांगणेही येते. बसच्या तिकिटासाठी पैसे मागणारी स्त्री कोठे जाणार, कोणाकडे जाणार, हेही सांगत असते. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात राज्यातील रहिवासी महिलांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास मिळू लागला. त्याच वर्षी कुटुंबप्रमुख स्त्रीच्या खात्यात दरमहा दोन हजार रुपये जमा करणारी ‘गृहलक्ष्मी’ योजना सुरू झाली. तिजोरीवरील भार हा या योजनांच्या टीकाकारांचा मुद्दा रास्त आहे. पण तिकिटाच्या पैशांबरोबर द्यावे लागणारे स्पष्टीकरण टळले, हा लाभ कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही. अर्थात परराज्यातून येऊन मारतहळ्ळीत राहिलेल्या, कर्नाटकाचे शिधापत्रिका-ओळखपत्र नसलेल्या बाईला सरकारकडे नव्हे, घराकडेच पाहावे लागते.

न्यायालयानेही घराकडेच बोट दाखवले आहे. घटस्फोटित स्त्रीच्या पोटगीसंबंधी १० जुलै २०२४ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी गृहिणीच्या स्थितीचा स्वतंत्र विचार केला. जिला स्वतःचे उत्पन्न नाही अशा पत्नीला तिच्या वैयक्तिक गरजांसाठी, घरखर्चाहून वेगळा पैसा उपलब्ध करून देण्याची जाणीव पतीने ठेवावी, असे त्यांनी नमूद केले. घरखर्च आणि वैयक्तिक गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातील मर्म.

मात्र हा भेद उलट्या बाजूनेही सांभाळला पाहिजे. हातखर्च दिला की स्त्रीची औषधे, पाळीच्या काळातील पॅड, कामावर जाण्याचे बसभाडे हे सारे त्यातूनच भागवायला सांगणारी घरे आहेत. ही तर शुद्ध चलाखी. जे नसले तर प्रकृती बिघडते, काम अडते वा शिक्षण थांबते, ते घरखर्चात मोडते. परीक्षेचे शुल्क आणि वही-पेन हातखर्चातून घ्यायला लावू नये. शिकणारी आई असली तरी आणि मुलगा असला तरी. हातखर्च उरतो तो आवडीसाठी: उभ्याने खाल्लेल्या डोशासाठी, केसांत माळायच्या मोगऱ्यासाठी, एखाद्या मासिकासाठी किंवा मैत्रिणीच्या मुलीला द्यायच्या खाऊसाठी. कोणी तो न खर्चता भिशीत टाकेल, तर तोही तिचाच अधिकार.

रक्कम किती, हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. वर मांडलेल्या घरात दोघांचे मिळून हजार रुपये म्हणजे शंभरात तीनही नाहीत. नवऱ्याचा रोजचा तीस रुपयांचा चहा-नाश्ता धरला तरी महिन्याचे नऊशे होतात. तेव्हा पाचशेची मर्यादा त्यालाच अधिक जाचेल, आणि तसे होणे योग्यच आहे. कमावणाऱ्याला जास्त आणि न कमावणारीला कमी, अशी वाटणी मात्र नसावी. स्वयंपाक, धुणी-भांडी आणि मुलाचा अभ्यास यांची मजुरी कोणी लावली, तर कोण कमावते हेच नव्याने ठरवावे लागेल. पगार होताच भाड्याबरोबरच हे पैसे बाजूला पडावेत, कारण महिनाअखेर उरेल त्यातून द्यायचे ठरवले, तर काही उरतच नाही. गावी कोणी आजारी पडले, पगार लांबला, तर त्या महिन्यात पाचशेचे दोनशे व्हावेत, पण दोघांचेही.