पतगुणांची उतरंड आणि आपण

१९५६ या वर्षाचे महत्त्व आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरच्या भूमीवर बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसमवेत लाखो स्त्री-पुरुषांनी जन्माधिष्ठित उतरंड झुगारून दिली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात बिल फेअर नावाचा अभियंता आणि अर्ल आयझॅक नावाचा गणिती यांनी एक कंपनी स्थापन केली. कर्ज मागणारा मनुष्य ते फेडील की नाही, हे गणिताने सांगणे हा तिचा व्यवसाय. १९८९ साली तिने ३०० ते ८५० या मर्यादेतला सर्वसाधारण क्रेडिट स्कोअर प्रचारात आणला. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. परंतु आपण अमेरिकेत संसार मांडला आणि त्या दुसऱ्या घटनेचा अंमल आपल्या दारातल्या मोटारीपर्यंत येऊन पोहोचला.

आमच्या मेळाव्यांतून एक युक्तिवाद वारंवार कानी पडतो. सुस्थितीतले आमचे काही बांधव म्हणतात, "या देशात जात नाही, वशिला नाही. आकडा बोलतो. ज्याचा आकडा कमी, त्याची शिस्त कमी." हे बोल आम्हाला नवे नाहीत. 'गुणवत्ता' या शब्दाच्या आडून हेच बोल आम्ही मायदेशात पिढ्यान्‌पिढ्या ऐकले. ते आता आमच्याच मुखातून निघावेत, याचे आम्हाला दुःख होते, आणि म्हणूनच हा लेखनप्रपंच.

प्रथम प्रतिपक्षाला त्याचे श्रेय देऊ. आकड्यापूर्वीचा काळ सुखाचा नव्हता. आज इक्विफॅक्स या नावाने चालणारी संस्था १८९९ साली अटलांटात 'रिटेल क्रेडिट कंपनी' म्हणून जन्मली. तिचे हेर शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून माणसांच्या खाजगी जीवनाच्या नोंदी ठेवीत. त्या अनाचारांमुळेच १९७० साली पतनोंदींचा कायदा झाला. कर्ज देताना स्त्री-पुरुष भेद करण्यास १९७४ च्या कायद्याने बंदी केली आणि १९७६ च्या दुरुस्तीने वंश, वर्ण, धर्म व राष्ट्रीय मूळ यांनाही संरक्षण दिले. अधिकाऱ्याच्या लहरीपेक्षा आकडा बरा, हे आम्ही मान्य करतो. पण बरा म्हणजे न्यायी नव्हे.

हा आकडा मोजतो तरी काय? ३५ टक्के भार पूर्वीच्या परतफेडीला, ३० टक्के देणे असलेल्या रकमांना, १५ टक्के पतइतिहासाच्या लांबीला, आणि प्रत्येकी १० टक्के नव्या कर्जांना व कर्जांच्या प्रकारांना. त्यात तुमचा पगार नाही, शिल्लक नाही, शिक्षण नाही. नियमित भरलेले घरभाडेही बहुधा नोंदलेच जात नाही. ज्याने कधी कोणाकडून एक डॉलरही उसना घेतला नाही, त्याला हा आकडा सज्जन म्हणत नाही; तो त्याला ओळखतच नाही. उलट सधन घरातल्या मुलाचे नाव आईबापांच्या कार्डावर चढले की त्यांचा जुना इतिहास त्याच्याही खात्यात मिळतो. जन्म दाराबाहेर काढला म्हणता म्हणता खिडकीतून आत आला तो असा.

सरकारी अभ्यासांत या आकड्याचे पाच थर पाडतात: ७२० व त्यावरील, ६६० ते ७१९, ६२० ते ६५९, ५८० ते ६१९ आणि त्याखालील. चार वर्ण आणि पाचवा वर्णबाह्य, हे चित्र कोणाला आठवले नाही तरच नवल. जात मरेपर्यंत सुटत नाही आणि पतगुण वाढविता येतो, हा भेद आम्ही विसरत नाही. परंतु प्रत्येक पायरीवरच्या माणसाला खालच्या पायरीकडे तुच्छतेने पाहण्याची सवय लावणे, हे श्रेणीबद्ध विषमतेचे लक्षण येथेही दिसते.

त्याची किंमतही मोजून पाहा. २५,००० डॉलरचे कर्ज पाच वर्षांसाठी ६ टक्क्यांनी घेतले तर व्याज सुमारे ४,००० डॉलर होते. १४ टक्क्यांनी घेतले तर सुमारे ९,९००. मोटार तीच, रस्ता तोच. जेथे बस नाही तेथे मोटारीवाचून नोकरी नाही; म्हणजे ज्याला नोकरीची निकड अधिक, त्यालाच ही मोटार महाग.

शिवाय शेवटचा दर नेहमी आकडाच ठरवितो, हेही खरे नाही. विक्रेत्यामार्फत कर्ज घेतले की धनको एक दर कळवितो आणि विक्रेता त्यावर आपली भर चढवू शकतो. या भरीमुळे २,३५,००० हून अधिक कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक व आशियाई कर्जदारांना जादा व्याज पडले, असा ठपका ठेवून डिसेंबर २०१३ मध्ये सरकारने अलाय या वित्तसंस्थेकडून ८ कोटी डॉलर भरपाई व १ कोटी ८० लाख डॉलर दंड घेतला. त्याच वर्षी ग्राहक संरक्षण विभागाने यासंबंधी काढलेले मार्गदर्शनपत्र काँग्रेसने व राष्ट्राध्यक्षांनी मे २०१८ मध्ये रद्द केले. "आकडा बोलतो" म्हणणाऱ्यांनी सांगावे, ही भर कोणता आकडा बोलला?

आता थोडे आपल्याकडे वळू. आमच्या आज्यापणज्यांचा अंगठा सावकाराच्या वहीत उमटत असे, कारण त्यांना वाचता येत नव्हते. आम्हाला वाचता येते, तरी आम्ही करारनामा न वाचता सही करतो. विक्रेता विचारतो, "महिन्याला किती झेपेल?" आणि आम्ही भुलतो. तेच २५,००० डॉलर ८ टक्क्यांनी पाच वर्षांऐवजी सात वर्षांसाठी घेतले, तर हप्ता ५०७ वरून ३९० वर येतो. पण व्याज ५,४०० वरून ७,७०० च्या पुढे जाते. ज्या महामानवाने १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, त्याच्या अनुयायांनी एवढे गणित करू नये? आणि शेजाऱ्याच्या मोटारीला उत्तर म्हणून आपली मोटार घ्यावी? भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत ऋण नसण्याचे सुख, अनणसुख, गणले आहे. अंगणातली मोटार त्या यादीत नाही.

तेव्हा विक्रेत्याच्या दारी जाण्यापूर्वी पतसंस्थेकडून दर लेखी घ्यावा. हप्ता न विचारता एकूण परतफेड विचारावी. तिन्ही नोंदसंस्थांचे आपले अहवाल विनामूल्य मिळतात. ते वाचावेत, चुका दुरुस्त करून घ्याव्यात. कर्ज नाकारले गेल्यास कारण मागावे. तो कायद्याने दिलेला हक्क आहे. आणि नवागत बांधवाला उपदेश करण्याऐवजी त्याच्यासोबत विक्रेत्याकडे जाऊन बसावे. जामीन राहणे ज्याला झेपत नाही, त्याला निदान करारनामा वाचून दाखविणे झेपते.

आपल्या आयाबहिणींची भिशी कोणाला ठाऊक नाही? सॅन फ्रान्सिस्कोतील मिशन ॲसेट फंड ही संस्था तशाच बिनव्याजी भिशीचे हप्ते नोंदसंस्थांना कळविते आणि ज्यांना इतिहास नाही त्यांचा इतिहास घडविते. आमच्या मंडळाने असे काही उभारण्याचा विचार का करू नये? जयंतीच्या भोजनावर होणाऱ्या खर्चाचा एक अंश त्यासाठी बाजूस काढणे अशक्य नाही.

आकडा वाढवावा, तो व्यवहार आहे. आकड्याने माणूस मोजू नये. तो अधर्म आहे. १९५६ सालच्या त्या दोन वारशांपैकी आमचा कोणता, हे आम्ही रोज आपल्या वागण्याने ठरवीत असतो.

जयभीम! नमो बुद्धाय!